मॅकेरिकर स्टेट पार्क (मेंडोसिनो किनारा) : मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन तंबूत मुक्काम

मुचकुंदी

नमस्कार मंडळी,

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून कॅलिफोर्नियाच्याच उत्तर किनाऱ्यावर, फोर्ट ब्रॅग गावाजवळच्या मॅकेरिकर स्टेट पार्कला जातोय. सर्फवूड भागातली तंबूची जागा मिळालीय. सहा महिने आधी बुकिंग उघडतं, त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला बसले म्हणून मिळाली. सोबत दोन मुलं, पाच आणि दहा वर्षांची, आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे. सासरे रोज पहाटे आमराईत चालायला जाणारे, त्यांची काळजी नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण "मी पण तंबूतच झोपणार" असं त्यांनी आधीच सांगून टाकलंय.

नवऱ्याने कॉलेजात असताना सह्याद्रीत भरपूर भटकंती केलीय, त्यामुळे सामान बांधायचा सराव आहे. पण इथल्या समुद्रकाठी आम्ही रात्र काढलेली नाही. मुलांनी पोहायचे कपडे आत्तापासूनच काढून ठेवलेत. समुद्रात उतरता येतं का? रात्री थंडी किती असते? जेवणाचं काय करता? आणि पाच ते सत्तर वयाची माणसं दिवसभर रमतील असं तिथे काय काय आहे? राहून आलेल्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

पायवाट

मुचकुंदी, जागा छान निवडलीत. आमची मुलं लहान होती तेव्हापासून आम्ही तिथे जातोय, आता ती कॉलेजात गेली तरी स्वतःहून यायला तयार असतात.

आधी समुद्राचं सांगतो, कारण बाकी काही चुकलं तरी निभावून नेता येतं.

पोहायचे कपडे घरीच ठेवा. हा समुद्र पोहण्याचा नाही. भर उन्हाळ्यात पाणी १० ते १३ अंश सेल्सिअस असतं. एवढ्या गार पाण्यात अचानक पडलं की पहिल्याच मिनिटात धाप लागते, थोड्या वेळाने हातपाय चालेनासे होतात, आणि पट्टीचा पोहणाराही अडचणीत येतो. त्यात इथे स्नीकर वेव्ह हा प्रकार आहे. दहा-पंधरा मिनिटं लाटा खालीच विरत असतात, माणूस निर्धास्त होतो, आणि मग एखादी लाट वाळू चढून कितीतरी वर येते. परत जाताना पायाखालची वाळूही नेते आणि वर उभ्या माणसालाही. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्यांना लाटेत उभं राहायची सवय असते. ती सवय इथे चालत नाही.

आमच्याकडे नियम असा : पाण्याकडे पाठ करायची नाही, लहान मुलाचा हात सोडायचा नाही, आणि ओल्या खडकावर फोटोसाठी चढायचं नाही. खडक ओला दिसतोय म्हणजे लाट तिथवर येऊन गेलीय आणि परत येणार आहे. ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला एकदा नीट सांगितली की तो घरातल्या मोठ्यांनाही आठवण करून देतो.

मुलांना पाण्यात पाय घालायचेच असतील तर दोन जागा बऱ्या. एक म्हणजे पुडिंग क्रीक जिथे समुद्राला मिळते तिथला उथळ ओहोळ. दुसरी मेंडोसिनो गावाच्या दक्षिणेला बिग रिव्हरच्या मुखाचा किनारा. दोन्हीकडे ओढ्या-नदीच्या बाजूलाच खेळवा, समुद्राच्या बाजूला नाही.

आता पार्कबद्दल. आत शिरतानाच करड्या व्हेलचा पूर्ण सांगाडा मांडून ठेवलाय, तिथे मुलं अर्धा तास सहज काढतात. पुढे लगूना पॉइंट. तिथे लाकडी फळ्यांची सपाट वाट टोकापर्यंत गेलीय, चाकाची खुर्चीही जाते, त्यामुळे सासूबाईंना काहीच अडचण नाही. टोकाशी खालच्या खडकांवर हार्बर सील पसरलेले असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला नुसते करडे, ठिपक्यांचे दगडच दिसतात. मग त्यातला एक दगड मान वर करतो, शेपटीकडचे पंख एकमेकांवर घासतो आणि पुन्हा आडवा होतो. दुर्बीण न्याच.

लेक क्लिओन हे गोड्या पाण्याचं छोटं तळं पार्कच्या मधोमध आहे. त्याला पूर्ण वळसा घालायला रमतगमत तासभर पुरतो. समुद्रावर वारा सुटला की आम्ही तळ्यावर जातो, तिथे झाडांचा आडोसा असतो.

सायकली आणत असाल तर जुना हॉल रोड आहे. पूर्वी लाकूड कंपनीची रेल्वे या वाटेने ओंडके न्यायची, पुढे तिथून ट्रक धावू लागले, आता फक्त चालणारे आणि सायकलवाले. समुद्र सतत उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे निघालात की पुडिंग क्रीकवरच्या जुन्या उंच लाकडी पुलावरून थेट फोर्ट ब्रॅगमध्ये पोचता. सगळा सपाट रस्ता. तुमचा दहा वर्षांचा मुलगा आणि सासरे दोघांनाही जमेल.

रात्रीचं आणि थंडीचं नंतर लिहितो, जेवायला बोलावलंय.

ढगाळ

पायवाट लिहितीलच, पण हवेबद्दल मी लिहितो, तो माझा आवडता विषय आहे.

जुलै म्हणजे उन्हाळा हे डोक्यातून काढा. या किनाऱ्यावर जुलै-ऑगस्ट हा धुक्याचा हंगाम आहे. वसंतापासून उन्हाळाभर वायव्येकडून वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. त्याने वरचं पाणी आत समुद्रात ढकललं जातं आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. समुद्रावरची दमट हवा त्या गार पाण्यावरून आली की तिचं धुकं होतं. डोंगरापलीकडे युकाया भागात त्याच वेळी ३८-४० अंश तापलेलं असतं, तिथली हवा वर जाते आणि हे धुकं जमिनीकडे ओढलं जातं. म्हणून आतल्या भागात जेवढी उष्णतेची लाट मोठी, तेवढं किनाऱ्यावर धुकं दाट. बे एरियात उकडतंय म्हणून टी-शर्टावर निघालेली मंडळी फोर्ट ब्रॅगला पोचून थेट स्वेटरच्या दुकानात शिरतात.

दिवसा १५-१६ अंश, रात्री ८-१० अंश धरून चाला. आकडा ऐकून फार वाटत नाही, पण हवा ओली आणि वाऱ्याची असते, त्यामुळे थंडी आकड्यापेक्षा जास्त वाजते. दुपारी दोन-तीन तास ऊन पडतं, काही दिवस तेही नाही. ज्यांना निरभ्र आकाश हवंय त्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबर बघावा.

तरीही धुक्यावर रागावू नका. इथले रेडवूड या धुक्यावर उन्हाळा काढतात. पाऊस जवळजवळ नसतो, तेव्हा पानांवर धुकं जमतं, थेंब होऊन खाली टपकतं, मुळं ते पितात, काही पाणी पानंही शोषून घेतात. किनाऱ्यापासून आत, धुकं जिथे पोचायचं थांबतं, तिथे रेडवूडही संपतात.

पायवाट

>> रात्री ८-१० अंश धरून चाला

बरोबर. त्यासाठी तयारी अशी. अंगावरच्या पांघरुणाइतकीच अंगाखालची गादी महत्त्वाची आहे, कारण ऊब खालून जमिनीत जाते. मोठ्यांसाठी जाड, हवा भरायची आणि आत फोम असलेली गादी घ्या. स्लीपिंग बॅग शून्य अंशापर्यंतची असू दे. सासू-सासऱ्यांना बॅगेत गुंडाळून झोपणं जड जात असेल तर गादीवर घरची दुलई आणि वर स्लीपिंग बॅग उघडून पांघरा. सांगलीहून आणलेली कानटोपी, शाल, लोकरीचे मोजे, सगळं इथे उपयोगी पडतं.

ढगाळ यांनी धुक्याचे थेंब सांगितले, ते तंबूवरही पडतात. रात्रभर झाडाखाली टपटप चालू असते, पाऊस पडतोय असं वाटतं. वरचं जलरोधक कापड नीट ताणून बांधा, हवा खेळायला खिडकीची फट मात्र ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतूनच गळते. बूट आत घ्या.

प्रत्येक जागेवर एक लाकडी टेबल, शेकोटीचं लोखंडी कडं आणि खाणं ठेवायला झाकणाचं कपाट असतं. खाण्याचं सगळं त्यात, आणि टूथपेस्ट, साबण, मुलांच्या खिशातलं च्युइंगगमसुद्धा त्यातच. रकून हातांनी चेन उघडतात. दिवसा 'जे' नावाचे निळे पक्षी आणि कावळे टपलेले असतात, टेबलावर पाकीट उघडं टाकून वळायची सोय नाही.

लाकूड घरून नेऊ नका. लाकडातून किडे आणि झाडांचे रोग एका जंगलातून दुसरीकडे जातात. कॅलिफोर्नियात ओक झाडं अशाने मोठ्या संख्येने मेलीत. पार्कात किंवा गावात जुडी विकत मिळते, तीच जाळा. पडलेल्या फांद्या गोळा करायलाही मनाई आहे.

शौचालयं वाहत्या पाण्याची आहेत. शॉवरला पैसे टाकावे लागतात, क्वार्टरची नाणी घरूनच न्या.

टेकडी

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते स्पष्टच सांगते. गुडघे दुखणाऱ्या बाईंना तंबूत झोपवू नका. रात्री दोनदा उठायचं, जमिनीवरून उठायचं, बूट शोधायचे, ओल्या मुळांवरून विजेरी घेऊन चालायचं. पडणं झालं तर? मोठं हॉस्पिटल जवळ नाही, आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसांचा विमा कसा असतो ते आपल्याला माहीत आहे. फोर्ट ब्रॅग पार्कपासून पाच किलोमीटरवर आहे, तिथे साधी मोटेल आहेत. त्यांना रात्री तिथे सोडा आणि सकाळी घेऊन या.

दुसरं म्हणजे शेजार. गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्याच एका पार्कात आमच्या शेजारच्या जागेवर रात्री उशिरापर्यंत गाणी आणि जनरेटर चालू होता. आईची रात्रभर झोप झाली नाही.

पायवाट

टेकडी, पडण्याची भीती खरी आहे, पण त्याला उपाय आहेत. माझी आई इथे राहिलीय. आम्ही तिच्यासाठी दोन फूट उंचीची घडीची खाट नेतो, त्यामुळे जमिनीवरून उठायचा प्रश्न येत नाही. तंबू उभं राहता येईल एवढा उंच, दाराशी खुर्ची, खुर्चीच्या पाठीला अडकवलेला दिवा. रात्री तिच्यासोबत कुणीतरी जातंच. शौचालयाच्या अगदी शेजारची जागा घेऊ नका, रात्रभर दारं आपटतात. नकाशावर बघून दोन-तीन जागा सोडून घ्या.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते, आणि जनरेटर सकाळी १० ते रात्री ८ एवढ्यातच चालवता येतो. कुणी ऐकत नसेल तर कॅम्प होस्टला (तिथेच मुक्कामाला असलेल्या पार्कच्या स्वयंसेवकाला) सांगायचं, स्वतः भांडायला जायचं नाही. आणि आपणही लक्षात ठेवायचं. अंताक्षरी रंगात आली की आपले आवाज किती चढतात ते आपल्याला कळत नाही.

खमंग

जेवणाचं मी सांगते गं मुचकुंदी. तिथे जाऊन कांदे चिरत बसू नकोस, वाऱ्यात आणि गारठ्यात हात चालत नाहीत. सगळं घरून तयार.

पहिली रात्र मुगाच्या खिचडीची. तांदूळ, डाळ, हळद, हिंग, गोडा मसाला, मीठ एका पिशवीत मोजून भरून ने. फोडणी करायची, पिशवी ओतायची, पाणी घालायचं, कुकर लावायचा. तोवर बाकीचे तंबू ठोकतात. सोबत तूप, पापड, लोणचं. पापड शेकोटीच्या निखाऱ्यावर भाजायला मुलांना फार आवडतं, लांब चिमटा ने.

सकाळी भाजणीचं थालीपीठ. बिडाचा तवा ने, पातळ तव्यावर वाऱ्यात आच टिकत नाही. पीठ कोमट पाण्यात भिजव, गार पाण्यात भिजवलंस तर तिथल्या हवेत ते घट्ट होतं आणि थापताना कडा चिरतात. ओल्या फडक्यावर थापून मधे भोक पाडून तव्यावर सोडायचं, भोकात आणि कडेने तेल, वर झाकण, आणि खालची बाजू लाल होईस्तोवर हलवायचं नाही. शेगडीला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा हवाच, नाहीतर गॅसचा डबा निम्मा वाऱ्यावर जातो. जास्तीचा डबा ठेव.

दुपारी चूल पेटवायची नाही. दडपे पोहे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, गुळाची पोळी. हे खाणं उघड्यावर फिरताना हातात धरून होतं. संध्याकाळी चहा थर्मासात भरून लगूना पॉइंटवर ने, सासूबाई तुला दुवा देतील.

आणखी एक. डोक्याचं खोबरेल थिजतं, बाटली रुंद तोंडाची असू दे.

भांडी नळाखाली धुवायची नाहीत. खरकटं पुसून कचऱ्यात, भांडी टबात धुवायची, आणि ते पाणी झाडात न टाकता ठरवलेल्या जागी ओतायचं.

शिरोड्याचा

वाचून मजा आली. मी मागे सॅक्रामेंटोहून एक दिवसासाठी त्या बाजूला गेलो होतो. ओहोटीला खडक उघडे पडले आणि बघतो तर सगळीकडे शिणाणे (खडकाला धरून राहणारे काळे शिंपले), एकाला एक चिकटून. आमच्याकडे असे दिसले की कुणी घरी रिकाम्या हाताने जात नाही. इथे काढू देतात का? मुचकुंदीताईंची तीन-चार माणसांची सोय होईल.

काठावरची

शिरोड्याचा, जुलैत अजिबात नाही, आणि हे मुचकुंदीसाठीही महत्त्वाचं आहे.

कॅलिफोर्नियात दर वर्षी १ मे ते ३१ ऑक्टोबर स्वतः काढलेले शिणाणे खायला सरकारी बंदी असते. या महिन्यांत समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती भरमसाट वाढतात, त्यातल्या काही जातींचं विष शिणाण्यांच्या मांसात साठतं. त्याने माणसाचे ओठ, बोटं बधिर होतात, पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. ते विष उकळून, तळून, वाफवून जात नाही. रंगावरून, वासावरून ओळखू येत नाही. त्यामुळे "आम्ही लहानपणापासून खातोय" हा आधार इथे चालत नाही. बंदी नसलेल्या महिन्यांतही १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो, आणि मॅकेरिकरच्या समोरचा समुद्र २०१२ पासून संरक्षित आहे, तिथले नियम वेगळे आहेत, ते त्या त्या वेळी बघून घ्यायचे. शिंपले खायचेच असतील तर फोर्ट ब्रॅगच्या नॉयो बंदरावर तपासलेला माल मिळतो.

तांबडं ॲबलोनी (खडकाला चिकटून राहणारी मोठी समुद्री गोगलगाय) हे या किनाऱ्याचं मोठं वैभव होतं. लोक श्वास रोखून बुड्या मारून ते काढायचे, पार्कात राहायला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण केवळ त्यासाठीच यायचे. २०१८ पासून ते काढणं पूर्ण बंद आहे. त्यामागची साखळी मुलांना जरूर सांगा. २०१३ पासून तारामाशांना झिजून मरण्याचा रोग लागला. वीसेक बाहूंचा मोठा सूर्यफूल तारामासा इथून जवळपास नाहीसाच झाला. तो जांभळे अर्चिन, म्हणजे काट्यांच्या चेंडूसारखे समुद्री जीव, खायचा. तो गेला आणि अर्चिन बेसुमार वाढले. त्याच सुमारास २०१४ ते २०१६ समुद्र नेहमीपेक्षा गरम राहिला, केल्प हे पाण्यातलं उंच शेवाळ अशक्त झालं, आणि उरलेलं अर्चिनांनी फस्त केलं. सोनोमा-मेंडोसिनोच्या किनाऱ्यावरचं ९० टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. ॲबलोनीचं अन्नच ते, ती उपाशी मेली. तारामाशांच्या रोगामागे एक जिवाणू आहे हे २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, म्हणजे कारण कळायला बारा वर्षं लागली.

खायला नाही, पण बघायला मात्र ओहोटीचे खडक सोडू नका. माझ्या मते तुमच्या मुलांसाठी सगळ्या सहलीत तेच सर्वात मोठं आहे. उन्हाळ्यात इथल्या मोठ्या ओहोट्या भल्या पहाटे असतात. नोआच्या (अमेरिकेच्या हवामान आणि समुद्र खात्याच्या) भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा आणि ज्या दिवशी आकडा शून्याच्या खाली आहे तो दिवस धरा. ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी फिरलं की निघायचं.

खडकातल्या डबक्याशी उकिडवं बसा आणि काही न करता थोडा वेळ थांबा. आधी रिकामं दिसतं. मग एक शंख चालायला लागतो, त्यात खेकडा असतो. तळाशी हिरवं समुद्रफूल उघडलेलं असतं. मुलाने बोट आधी पाण्यात ओलं करून त्याच्या एका पाकळीला अगदी हलकेच टेकवावं. फणसाच्या चिकासारखं ते बोटाला धरून ठेवतं. त्या पाकळीवरच्या हजारो दंशपेशींचं ते काम, आपल्या बोटाची कातडी जाड म्हणून आपल्याला नुसतं चिकट लागतं. आणि मग ते हळूहळू मिटतं. दगड उलटला तर जसा होता तसा परत ठेवायचा. काही उचलून आणायचं नाही, रिकामा शंखसुद्धा नाही, तो कुठल्यातरी खेकड्याचं पुढचं घर आहे.

रानजाई

काठावरची, किती छान लिहिलंयस.

मी सीलबद्दल थोडं जोडते. वसंतात पिल्लं होतात, तेव्हा वाळूवर एकटं पिल्लू दिसलं तर लोकांना ते टाकून दिलेलं वाटतं. बहुतेक वेळा आई खाणं शोधायला गेलेली असते आणि माणसं घोळक्याने उभी असली की ती परत येत नाही. ५० यार्डांपेक्षा जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. सागरी सस्तन प्राण्यांना त्रास देणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. पिल्लू खरंच आजारी वाटलं तर रेंजरला सांगा.

पार्कच्या उत्तरेला टेन माइल नदीपर्यंत वाळूच्या टेकड्या आहेत. तिथे स्नोई प्लोव्हर नावाचा चिमणीएवढा पक्षी मार्च ते सप्टेंबर उघड्या वाळूतच अंडी घालतो. अंडी वाळूच्या रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. म्हणून तिथे दोरी बांधलेली दिसली की बाहेरूनच जा. १९९३ पासून हा पक्षी धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे.

व्हेल जुलैत दिसेल अशी आशा मुलांना लावू नका. करडे व्हेल डिसेंबर-जानेवारीत आर्क्टिककडून मेक्सिकोच्या खाड्यांकडे जातात आणि मार्च ते मेमध्ये पिल्लांसह किनाऱ्याच्या जवळून परततात. जुलैत ते वर उत्तरेत चरत असतात.

ग्लास बीचबद्दल कुणी लिहिलं नाही. तो आता मॅकेरिकर पार्कचाच भाग आहे, २००२ पासून. १९६७ पर्यंत फोर्ट ब्रॅगचा कचरा समुद्रकाठी टाकत. काच तिथे लाटांनी घासून गुळगुळीत झाली, हिरवी, तपकिरी, पांढरी. आता काच उचलायला मनाई आहे, आणि पूर्वीपेक्षा खूपच कमी उरलीय, त्यामुळे इंटरनेटवरचे भडक फोटो बघून जाऊ नका. पण शहराचा उकिरडा समुद्राने कसा पचवला आणि काय पचवता आला नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला तिथे उभं राहून कळतं.

फोर्ट ब्रॅगचं नावही त्याला विचारू दे. १८५६ मध्ये सरकारने इथे आदिवासींसाठी मेंडोसिनो रिझर्व्हेशन (त्यांना ठेवायची राखीव जमीन) आखलं, आसपासच्या पोमो, युकी लोकांना आणून कोंडलं, आणि १८५७ मध्ये त्यांच्यावर नजर ठेवायला लष्करी ठाणं बांधलं. दहा वर्षांत रिझर्व्हेशन मोडलं आणि पुढे जमीन इतरांना मोकळी झाली. लेक क्लिओनच्या आसपास आपण तंबू ठोकतो तिथे किनारी युकी लोक ओहोटीला शिंपले आणि शेवाळ गोळा करायचे, ओकच्या फळांचं पीठ करायचे. पार्कच्या माहितीफलकांवर थोडं आहे, पण घरून वाचून जाणं बरं.

नवखा

मी या धाग्याचा मूक वाचक. आम्हीही ऑगस्टमध्ये जातोय. एक भीती विचारतो. रस्त्यावर त्सुनामीच्या पाट्या बघितल्या. रात्री तंबूत असताना इशारा आला तर काय करायचं? फोनला रेंज असते का?

ढगाळ

नवखा, विचारलंत ते बरं केलंत. ५ डिसेंबर २०२४ ला केप मेंडोसिनोजवळ समुद्रात ७.० क्षमतेचा भूकंप झाला आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सगळ्यांच्या फोनवर त्सुनामीचा इशारा वाजला. साधारण तासाभराने तो मागे घेतला, धोक्याची लाट आली नाही. जुलै २०२५ मध्ये कामचाटकाला ८.८ चा भूकंप झाला तेव्हा मात्र पॅसिफिक ओलांडून लाटा इथवर पोचायला काही तास होते, लोकांना वेळ मिळाला.

म्हणजे दोन प्रकार. लांबच्या भूकंपाचा इशारा फोनवर येतो, रेंजर सांगतात, वेळ असतो. जवळच्या भूकंपात इशाऱ्याची वाट बघायची नसते. किनाऱ्यावर जोरात किंवा बराच वेळ जमीन हलली की तोच इशारा. सामान, गाडीची किल्ली, काही शोधायचं नाही, चालत आत आणि उंचावर जायचं, आणि अधिकृत निरोप येईपर्यंत खाली उतरायचं नाही. पहिल्या दिवशी तंबू लावून झाला की सगळ्यांनी मिळून पार्कातून महामार्ग क्र. १ कडे वर जाणारी वाट एकदा चालून बघा. लहान मुलांना घाबरवायची गरज नाही, फेरफटका म्हणून नेलं तरी पुरे.

रेंज कंपनीप्रमाणे बदलते, झाडीत कमी होते. नकाशे आधी उतरवून ठेवा.

मुचकुंदी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळं सासू-सासऱ्यांना वाचून दाखवलं.

ठरलं ते असं. खाट आणि उंच तंबू एका ओळखीच्यांकडून मिळतोय. टेकडी, तुझं म्हणणं पटलं म्हणून शेवटच्या रात्री फोर्ट ब्रॅगला एक खोलीही घेतली, सासूबाईंना जमलं नाही तर त्या आधीच तिकडे जातील. पोहायचे कपडे बॅगेतून काढले, त्यावर थोडं रडणं झालं, पण समुद्रफुलाची गोष्ट सांगितल्यावर थांबलं. सासऱ्यांनी ओहोटीचा तक्ता छापून घेतलाय. आम्ही आहोत त्यातल्या दोन पहाटे आकडा शून्याखाली आहे.

आता शेवटचा प्रश्न. धाकट्याला गाडी लागते. महामार्ग १०१ वरून विलिट्सला जाऊन २० नंबरच्या रस्त्याने जावं की क्लोव्हरडेलवरून १२८ ने?

पायवाट

वळणं दोन्हीकडे आहेत. मी १२८ सांगेन, कारण थांबायला जागा आहेत. क्लोव्हरडेल सोडल्यावर घाट सुरू होतो, त्याआधी पोरगं रिकाम्यापोटी नको आणि भरल्यापोटीही नको, कोरडी चपाती किंवा खाकरा द्या. बूनव्हिलला पहिला थांबा. फायलोजवळ हेंडी वूड्स स्टेट पार्क आहे, तिथे जुन्या रेडवूडखाली सपाट, छोटी वाट आहे, सगळ्यांनी उतरून पाय मोकळे करा. पुढे नवारो नदीच्या काठाने रस्ता रेडवूडच्या बोगद्यातून जातो, तिथे खिडक्या उघड्या ठेवा. समुद्र दिसला की उजवीकडे वळायचं, पण महामार्ग क्र. १ वर मेंडोसिनोपर्यंत पुन्हा वळणं आहेत, गोळी द्यायची असेल तर ती बूनव्हिलच्या आधीच द्या. अंधार पडायच्या आत पोचा, धुक्यात तो रस्ता रात्री चालवायचा नाही.

जग हँडलही वेळात वेळ काढून करा, फोर्ट ब्रॅगच्या दक्षिणेला आहे. समुद्र आणि जमिनीच्या उचलण्याने तिथे पाच पायऱ्या तयार झाल्यात, प्रत्येक पायरी खालच्या पायरीहून सुमारे एक लाख वर्षं जुनी. वरच्या पायरीवर माती इतकी आंबट आणि निकस की शंभर वर्षांचं झाड तुमच्या मुलाच्या खांद्याला लागतं. जाऊन-येऊन आठ किलोमीटर आहे, त्यामुळे सासरे, मोठा मुलगा आणि नवरा जाऊ देत. तेवढ्या वेळात तुम्ही, धाकटा आणि सासूबाई पॉइंट कब्रिलोचा दीपस्तंभ बघा, १९०९ चा आहे आणि गाडी लावल्यापासून उतरती, सोपी वाट आहे. परतीची चढण सासूबाईंना जड वाटली तर तिथे कर्मचाऱ्यांना आधी विचारून ठेवा, गाडी किती जवळ आणता येईल ते सांगतात.